सशाचे उरलेले नऊ सेकंद

चालू झालं का ते रेकॉर्डिंग? लाल दिवा लागलाय म्हणजे चालूच — बरं. आणि थांबावंसं वाटलं तर मी हे बटण दाबायचं, असंच ना? माझ्या हाताशीच ठेवलंत, वा — नाही हो बाई, हसलो तो उगाच हसलो, काही नाही. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय मीच वेल्ड केलाय आणि हल्ली माझ्या कामावर माझाच भरवसा नाही — या, कूलरसमोर या. चहा गारच आहे, बर्फ घातलेला. साखर जरा जास्त वाटेल, मार्लीन, माझी बायको, गेल्यापासून साखरेवरून ओरडणारं घरात कुणी उरलं नाही. तर ससा न्यायचाय तुम्हाला. न्या की. सोळा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे, म्युझियममध्ये निदान शाळेतली पोरं तरी बघतील. चार पाय, दोन गोल टाक्या आणि मधे एक इंजिन — माझ्या खांद्याइतका उंच, एवढंच. नाव क्लेनं ठेवलं, क्ले म्हणजे माझा मुलगा. लहानपणी या कुंपणाशी बसून लांबकाने ससे मोजायचा तो, शाळेला दांडी मारून. एक पाय वाकलाय तो तसाच राहू द्या, सरळ करायला जाऊ नका.

पाटीचा मजकूर? दाखवा — नको, वाचूनच दाखवा, चष्मा कुठं ठेवलाय कुणास ठाऊक. हं… हं… 'नऊ सेकंद कमी पडले. क्लेटन हॅस्केट यांनी बनवलेला इंधनाचा व्हॉल्व्ह अडकल्यामुळे इंजिन हवेतच बंद पडले.' पुन्हा वाचा. नाही, तेवढंच शेवटचं वाक्य. कुणी लिहिलं हे? तुमच्या ऑफिसातल्या कुणी — क्लेनं? स्वतः? फोनवर सांगितलं की लिहून पाठवलं? लिहून. आणि म्हणाला, बाबांना एकदा दाखवा. असं म्हणाला. हं. चहा घ्या ना, बर्फ वितळला की त्याचं पाणी होतं नुसतं.

स्पर्धा कशी होती ते सांगतो आधी, पाटीचं नंतर बघू. सरकारच्या मनात आलं की चंद्रावर उतरणारी यंत्रं बाहेरच्या लोकांनी बनवावीत, आपणच किती करायचं. मग बक्षीस लावलं. आधी एक पैसा मिळणार नाही — जो करून दाखवेल त्यालाच, नाहीतर कुणालाच नाही. हुशारीच म्हणायची! जिंकणारा एक आणि त्याच्यामागे बारा जण आपापल्या शेडमध्ये घरदार विसरून राबतात, नाही जमलं तर सरकारचं काय गेलं? कुणाची बायको निघून गेली, कुणाची नोकरी, पण ते सरकारचं नव्हतंच कधी. मी तक्रार नाही करत. खरं सांगू? माझ्या आयुष्यातली तीच चांगली वर्षं. एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या इंजिनांचे नट आवळले, हवाई दलाच्या तळावर, गणवेश घालून. आणि मग एक दिवस माझाच पोरगा कागद घेऊन आला — बाबा, आपण करू या का? जमिनीवरून उठायचं, पन्नास मीटर वर जायचं, तिकडे खड्डे खणून दगड टाकून चंद्रासारखी जागा केलेली असणार, तिथं जाऊन उतरायचं, पण पूर्ण तीन मिनिटं हवेत राहून. एकशेऐंशी सेकंद. एकशेएकोणऐंशी झाले तरी शून्य. तिथंच इंधन भरायचं आणि तसंच परत यायचं. मी म्हटलं, करू या, नाही कशाला म्हणू. मार्लीन म्हणाली, दोघंही वेडे आहात, आणि आमच्यासाठी बीन्सचं मोठं पातेलं चढवलं. ते पातेलं दोन वर्षं चुलीवरून उतरलं नाही म्हणा ना.

आता ससा एकदम मोकळा सोडत नाहीत. आधी क्रेनला टांगायचा. वरून दोर, ढिला. इंजिन पेटलं की ससा उचलला जातो आणि दोर नुसता वर लोंबत राहतो. नीट तरंगला तर उत्तम. बिघडला, कलला, भिरभिरला की इंजिन बंद — दोर झेलतो त्याला, मग लंगडा होऊन झुलत बसतो बिचारा. ते इंजिन बंद करायचं बटण माझ्याकडे. क्ले कॉम्प्युटरवर, मी बटणावर. वेगळाच डबा असतो तो, वेगळ्या रेडिओवरचा, कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नसतो — नियमच तसा, कॉम्प्युटर वेडा झाला तरी माणसाला यंत्र थांबवता आलं पाहिजे. दोनशे चौदा वेळा टांगला आम्ही त्याला. कलला की दाब, कलला की दाब. क्ले म्हणायचा, बाबा, तुझं बोट माझ्या प्रोग्रॅमपेक्षा फास्ट आहे! आणि मला, काय सांगू, कौतुक वाटायचं त्या बोटाचं.

व्हॉल्व्हचं तेवढं आमचं जमलं नाही. त्यानं स्वतः डिझाइन केला होता, हलका, सुबक — मला आवडला नव्हता. कंपनीतून तयार घेऊ म्हटलं, वजनाला जड असला तरी चालेल. तो म्हणाला, जड झालं तर तीन मिनिटं निघणार नाहीत. स्पर्धेच्या आठ दिवस आधी याच टेबलावर भांडलो आम्ही. मी बोललो — फार लागेल असं बोललो — म्हटलं, हा तुझा व्हॉल्व्ह ऐन वेळी दगा देणार, आणि तेव्हा मी तिथं उभा असेन. त्यानं ताट सरकवलं आणि शेडमध्ये गेला.

तो दिवस मात्र छान उजाडला. वारा थोडा, ऑक्टोबरात असतो तेवढाच. कुंपणापलीकडे माणसं, छत्र्या, खुर्च्या, कुणी टोप्या विकतंय, कुणी बर्गर. पंच स्टॉपवॉच घेऊन उभे. ससा उठला — अहो काय उठला! दोर नाही, क्रेन नाही, निळ्या आभाळात नुसता तो. क्ले बंकरमधून मोठ्यानं सेकंद मोजत होता आणि बाहेरची माणसंही मोजायला लागली, शंभर, एकशेवीस, दीडशे… मार्लीननं तोंडावर हात धरला होता. उतरणीच्या जागेवर आला, खाली यायला लागला, साधारण वीस मीटरवर होता, एकशेसत्तर, एकशेएकाहत्तर — आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली नि तो कलला. कलणारच. वाऱ्यात उभं राहायचं तर वाऱ्याकडे झुकावंच लागतं, तुम्ही आम्ही नाही झुकत? शेंबड्या पोरालाही कळेल ते. पण मी बटण दाबलं आणि — म्हणजे इंजिन बंद पडलं. बंद पडलं आणि खाली आला. वीस मीटर म्हणजे काय, धप्पकन. झालं.

असं काय बघताय?

काय म्हणालो मी? नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला, बोलण्याच्या ओघात — बाई, म्हातारा माणूस आहे मी, उकाडा आहे, चहा…

दोर नव्हता हो. दोनशे चौदा वेळा होता, त्या दिवशी नव्हता. मी घाबरलो असंही नाही, घाबरायला वेळ लागतो. डोळ्यांनी कललेलं पाहिलं आणि बोटानं काम करून टाकलं, मला विचारलंच नाही. आणि मग मी वर बघत राहिलो, दोराला ताण बसायची वाट बघत. खरंच सांगतो, क्षणभर मी वाट बघितली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. डबा हातात होता, बटणावरचं झाकण उघडं होतं. पण क्ले धावत आला, तोंड धुळीनं माखलेलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला — बाबा, तू बरोबर होतास. व्हॉल्व्ह अडकला. तू सांगत होतास, मी ऐकलं नाही. आणि गळ्यात पडला माझ्या. तेवीस वर्षांचा पोरगा, रडत होता. मी एका हातानं त्याला थोपटलं आणि दुसऱ्या हातानं, त्याच्या पाठीमागे, ते झाकण बंद केलं. तुम्हाला सांगतो, त्याक्षणी मला — लाज वाटते सांगायला — बरं वाटलं. बरोबर असल्याचं. पंचांनी फॉर्म आणला, बटण वापरलं का? होय किंवा नाही. मी 'नाही' वर खूण केली, खाली सही केली. मार्लीननं पाहिलं असावं. ती फक्त पुढं दर रविवारी म्हणायची, क्लेला फोन करा. करायचो मी. हवापाण्याचं बोलायचो.

ज्यांनी बक्षीस जिंकलं ती पोरं आता मोठी झाली, त्यांची यंत्रं खरोखर चंद्रापर्यंत जातात. क्लेलाही बोलावलं होतं त्यांनी, दोनदा. नको म्हणाला. म्हणे, माझ्या हाताचं काम माणसांच्या डोक्यावरून उडायला नको. बेकर्सफील्ड शहरात छपरांवर चढून कूलर दुरुस्त करतो. हा समोरचाही त्यानंच बसवलाय, किती गार करतो बघा — आणि जाताना तीन तीनदा तपासतो, व्हॉल्व्ह नीट आहे ना, बाबा, गळत नाही ना. एकोणचाळीस वर्षांचा माणूस मला विचारतो. आणि मी म्हणतो, ठीक आहे रे, ठीक आहे.

तो खिळ्यांचा डबा द्या जरा, कॉफीचा, खिडकीतला. तळाशी असेल. हे घ्या. सशाच्या आतलं मेमरी कार्ड, उड्डाणाची नोंद ठेवणारं. जळालं म्हणून सांगितलं होतं मी त्याला. जळालं नव्हतं. यात सगळं आहे — व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडा होता, अगदी शेवटपर्यंत, त्याचं काही, काही चुकलं नव्हतं. मी एकदाच बघितलं, मग खिळ्यांत टाकलं. फेकवलं नाही. का ते विचारू नका.

ती पाटी नका लावू. मी पाया पडतो तुमच्या, ती पाटी तशी लावू नका. ससा नंतर न्या, गाडी घेऊन या मंगळवारी. आज एवढं कार्ड न्या आणि हे — हे यंत्र. आधी त्याला ऐकवा. मी फोन केला तर हवापाण्याचं बोलून ठेवीन पुन्हा, मी ओळखतो मला.

नाही, बंद नका करू इथं. मी? नाही. मी हात लावणार नाही त्याला. तुम्हीच उचला, तसंच चालू ठेवून न्या, फाटकाच्या बाहेर गेल्यावर बंद करा. हे बघा, दोन्ही हात मांडीवर ठेवलेत मी. उचला, बाई. जा आता.