उआनच्या नावाची चौकशी

थायलंडमधल्या खोन केनच्या इस्पितळाबाहेर नूडल्सच्या गाडीपुढे रांग लागली होती. गाडीवाली लम्दुआन मावशी पळी फिरवत होती, पण कान होते रांगेतल्या पहिल्या दोघांकडे: शिकाऊ डॉक्टर नरिन आणि त्याला शिकवणाऱ्या रचनीबाई.

नरिन सांगत होता, “आठ वर्षांची मुलगी, वजन बावन्न किलो. आईला म्हटलं, साखर, तळलेलं सगळं बंद. ती म्हणाली, आम्ही परत येणार नाही.”

“पोरीचं घरचं नाव काय?”

“उआन. म्हणजे जाडी. असली नावं काय, गल्लोगल्ली असतात.”

“का ठेवलं, विचारलंस?”

“आहाराच्या तक्त्यात तो रकाना नाही, बाई.”

“मी विचारलं, आत्ताच, औषधाच्या खिडकीपाशी. सातव्या महिन्यात जन्मली, सव्वा किलोची. अंग धरावं म्हणून आजीने हे नाव ठेवलं. आई रात्रंदिवस थेंब थेंब दूध पाजायची. तिची आठ वर्षांची मेहनत तू दोन मिनिटांत चूक ठरवलीस.”

“मग वजन तसंच राहू द्यायचं?”

“अजिबात नाही. उतरवायचंच. पण उतरवणार कोण? तू जाणार आहेस त्यांच्या घरी स्वयंपाकाला?”

नरिनने हातातल्या आहाराच्या तक्त्याची घडी केली.

“मावशी, याचं वाढा,” रचनीबाई म्हणाल्या.

“नको मावशी, बांधून ठेवा. त्या मायलेकींची बस एकला आहे.”

“जाऊन काय सांगणार?”

“सांगत काही नाही. सव्वा किलोची पोर जगवली कशी, ते विचारतो.”

“मग तो तक्ता माझ्याकडे दे. कोरी वही घेऊन जा.”