मालनवहिनींचे पाहुणपणाचे सात दिवस

…आणि वर लोक विचारतात, केरळ फिरून आली बाई, मग तोंड असं का? अहो, तसं नाही तर कसं असणार? तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या मालनवहिनी, पार्सल ऑफिसातल्या उत्तमरावांच्या सौभाग्यवती, सतरा वर्षं झाली जयपुरात, आणि या सतरा वर्षांत त्या माउलीनं आमेरचा किल्ला किती वेळा दाखवला असेल? त्रेसष्ट वेळा! पाहिला नाही म्हणत मी, दाखवला. फरक आहे. पाहणारा मान वर करून बघतो, दाखवणारा मागे वळून माणसं मोजतो.

रेल्वेची नोकरी, स्टेशनाजवळ दोन खोल्या, आणि गाव जयपूर, मग काय विचारता! उस्मानाबादेपासून नागपूरपर्यंत ज्याला म्हणून उत्तमरावांचा पत्ता ठाऊक होता तो ट्रंक घेऊन दारात. चुलत्याचा साडू, साडूचा घरमालक, घरमालकाची आई… यायचं, पाय धुवायचे, चहाचा पहिला घोट घ्यायचा आणि म्हणायचं, "जयपूरला राहता? मजा आहे बुवा तुमची!" मजा! मे महिन्यात नळाला पाणी पहाटे अर्धा तास, त्यात नऊ माणसांच्या आंघोळी, आणि ही बाई त्यांना घेऊन सकाळी हवामहल, दुपारी जंतरमंतर, मग चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या बाजारात, लाखेच्या बांगड्या, मग रजया, आणि 'मतलब भैया, आखरी बोलो' करत घासाघीस करायची तीही हिनंच, कारण पाहुण्यांचं हिंदी सिनेमातलं. आमेरला हत्ती. हत्तीवर पाहुणे बसणार, आणि खाली त्यांच्या पिशव्या, थर्मास, पोरांच्या चपला सांभाळत कोण उभं? सतरा वर्षांत वहिनी हत्तीवर एकदा बसलेल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, माझ्या साडूलाही त्यांनीच दाखवला आमेर. मला गुडघ्याचा त्रास, मला काही ते चढवत नाही.

तर शहाऐंशीच्या सुरुवातीची गोष्ट, संक्रांतीच्या गुळपोळ्या चालल्या होत्या, आमची भिंतीला भिंत, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं. वहिनींनी लाटणं खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला एकदा पाहुणी व्हायचंय." उत्तमराव पेपरात. हं म्हणाले. तर वहिनी पुढे बोलल्याच, की एक आठवडा, फक्त एक आठवडा, मला कुणीतरी दाखवायचं आणि मी नुसतं बघायचं, आणि जिथं जायचं तिथं पाणी पाहिजे, बोटीत बसून पाण्यात हात घालायचाय मला. आता यात काय मोठं मागितलं? माहेर परांड्याकडचं, पिण्याचं पाणी कोसावरून डोक्यावर आणलेलं. सासर हे असं. रेल्वेचा पास दरवर्षी मिळायचा, पण तो कुणाच्या लग्नाला नाहीतर कुणाच्या तेराव्याला खर्ची पडलेला. मुलगा आता पुण्याला शिकायला, घरात दोघंच, मग आता नाही तर कधी जायचं?

उत्तमरावांना पटलं, आणि तिथंच घात झाला. सतरा वर्षं पाहुण्यांनी पोळलेला माणूस, पास हातात, कोचीन ठरलं, आणि उतरायचं कुठं ठरवलं या शहाण्यानं? हॉटेलात? छे! "आपला जनार्दन आहे की!" जनार्दनराव म्हणजे यांचे बालमित्र, कोचीनला नेव्हल बेसच्या स्टोअरमध्ये, ऑफिसच्या कामानं दोनदा जयपूरला येऊन वहिनींच्या हातच्या पुरणपोळ्या हाणून गेलेले. त्यांचं उलटटपाली पत्र आलं, मोठ्या झोकात, की याच, दोन दिवस निसर्ग, दोन दिवस डच, पोर्तुगीज आणि इंग्रज, दोन दिवस स्थानिक संस्कृती, एक दिवस आराम, वहिनींना इकडची काडी तिकडे करू देणार नाही. वहिनींनी ते पत्र देवापाशी ठेवलं. आणि जाताना भेट म्हणून काय नेलं, सांगा? रजई. कोचीनच्या उकाड्यात जयपुरी रजई! पण रिकाम्या हातानं जाणारी ती बाई नाही.

मीटरगेजनं दिल्ली, तिथून पुढे अडीच दिवस. पालघाट ओलांडलं आणि हिरवंगार सुरू झालं, नारळ, केळी, घराच्या पायरीला टेकलेलं पाणी, आणि वहिनी खिडकीच्या गजांना नाक लावून लहान पोरीसारख्या हसल्या. तेवढंच काय ते हसू, तुम्हाला सांगतो, जपून ठेवा.

जनार्दनरावांचं दार उघडलं, तर पुढच्या खोलीत आधीच चार गाद्या! त्यांचे थोरले बंधू रंगनाथराव, नगरचे, त्यांच्या पत्नी निशिगंधाबाई आणि दोन मुली, कालच आलेले, न कळवता, आपलंच घर म्हणून. आतून जनार्दनरावांच्या पत्नी कलावतीबाई पदराला हात पुसत आल्या आणि हसल्या. ते हसू वहिनींनी ओळखलं. ओळखणारच, सतरा वर्षं आरशात तेच बघत होत्या. निशिगंधाबाईंनी विचारलं कुठून आलात, आणि उत्तर ऐकून गादीवरूनच म्हणाल्या, "जयपूर? मजा आहे बाई तुमची!" आणि लगेच पत्ता लिहून घेतला.

संध्याकाळी वहिनी पाणी प्यायला आत गेल्या, तर कलावतीबाई पिठाच्या डब्यात बघत नुसत्या उभ्या. भाताच्या मुलखात गहू मिळायची मारामार, आणि नगरकरांना दोन्ही वेळेला पोळी पाहिजे. वहिनींनी पदर खोचला. तिथं फणसाच्या लाकडाचा एक जडशीळ पोळपाट होता, तो पुढ्यात ओढला आणि म्हणाल्या, सरका, मी लाटते. संपलं पाहुणपण! किती टिकलं? पावणेदोन तास.

मग निसर्गाच्या दोन दिवसांत मंडळी मिरीचे वेल आणि रबराची झाडं बघून आली, आणि वहिनींनी आल्यावर त्यांचे चिखलाचे कपडे बघितले. डचांच्या दिवशी गेल्या हो त्या, नाही कसं म्हणू, पण धाकटीचं पोट बिघडलं, तिला घेऊन बाहेरच्या झाडाखाली बसल्या, आणि आत जनार्दनराव घसा ताणून सांगताहेत, हा डच पॅलेस, बांधला पोर्तुगीजांनी, दुरुस्त केला डचांनी, पुढे आले इंग्रज… अहो, म्हणजे काय? तीन-तीन देशांचे पाहुणे, मिरी घ्यायला म्हणून आले आणि बसले ते उठायला तयार नाहीत! त्यांच्यापायी तिथल्या बायकांनी किती भात रांधला असेल, याचा कुणी शिलालेख लावलाय? संस्कृतीच्या दिवशी कथकली. हिरव्या तोंडाचा तो एवढा मोठा राजा येऊन डोळे गरागरा फिरवतोय, ढोल वाजताहेत, आणि पहाटे पाचला उठलेल्या वहिनी खुर्चीत गाढ झोपलेल्या. पाच दिवसांत पाठ टेकायला मिळालेली ती पहिली खुर्ची.

पण बोट राहिली होती. शेवटच्या, आरामाच्या दिवशी अलेप्पीकडे, सगळा दिवस पाण्यातून. वहिनी त्या एका दिवसासाठी सगळं गिळत होत्या. आणि त्या सकाळी कलावतीबाई तापानं फणफणल्या. एकशे दोन! कुणी काही म्हणालं नाही, तीच तर खुबी असते, कुणी म्हणायचंच नाही, नुसतं बघायचं. मग निशिगंधाबाई गोड आवाजात म्हणाल्या, की मालनवहिनी, तुम्ही काय, जयपूरच्या, तुम्हाला फिरण्याचं काय अप्रूप, मजा आहे बाई तुमची. वहिनींनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमराव चपला शोधत होते. त्या माणसानं एकदा, नुसतं तोंडदेखलं जरी म्हटलं असतं ना, मी थांबतो, तू जा… पण नाहीच म्हटलं. मला अजून राग येतो, तुम्हाला सांगतो, माझाच मित्र आहे तरी येतो. वहिनींनी डबे भरले, सहा जणांचे, आणि म्हणाल्या, "जा तुम्ही. मी आहे."

दिवसभर कलावतीबाईंच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या. म्हणजे पाण्यात हात घातला म्हणा वहिनींनी, पण बादलीतल्या. दुपारी ताप जरा उतरला तशा कलावतीबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "ताई, चार वर्षं झाली इथं. मी अजून त्या बोटीत बसले नाही." वहिनींनी घडी पिळली, आणि त्यांना हत्तीचं सांगितलं. पिशव्यांचं, चपलांचं, सगळं. मग दोघी बराच वेळ रडल्या, आणि ठरवलं, की थंडीत कलावतीबाईंनी जयपूरला यायचं, एकटीनं, आणि दोघींनी मिळून हत्तीवर बसायचं. संध्याकाळी मंडळी बोटीतून भाजून लाल होऊन आली, आणि उत्तमराव म्हणाले, तू यायला पाहिजे होतंस. बघा! म्हणायची काही गरज होती?

डिसेंबरात कलावतीबाई आल्या. एकट्या? कसल्या एकट्या! पत्ता लिहून घेतला होता ना? जनार्दनराव, रंगनाथराव, निशिगंधाबाई, दोन मुली, दोन खोल्यांत. पण वहिनी या वेळी हट्टाला पेटल्या होत्या, घरून निघतानाच सगळ्यांना बजावलं, की हत्तीवर आज आम्ही दोघी. आमेरला ही रांग! तासभर उभ्या राहिल्या दोघी, जनार्दनराव आणि उत्तमराव पगारवाढीच्या गप्पा मारत पायीच वर गेले, आणि यांचा नंबर आला तर माहूत सांगतो, भाभीजी, आजचा हा शेवटचा, जागा चार. धाकटीनं भोकाड पसरलं. थोरलीला आई पाहिजे. आईला बाबा पाहिजेत. चार झाले की नाही? वहिनींनी कलावतीबाईंकडे बघितलं, कलावतीबाईंनी वहिनींकडे, आणि त्याच वेळी वरून निशिगंधाबाईंनी पर्स आणि थर्मास खाली दिला. दोघींनी हात पुढे केले. सवय हो, हात आपोआप जातात.

हत्ती गेला डुलत. खाली दोघी, पिशव्या घेऊन. तेवढ्यात टूरच्या बसमधून उतरलेली कुणी पुण्याची बाई मराठी ऐकून जवळ आली. इथंच राहता? मजा आहे बाई तुमची! आणि तुम्ही? कोचीनला? मग तर विचारूच नका! असं म्हणून तिनं वहिनींना विचारलं, की मग तुम्हीही जाऊन आला असाल यांच्याकडे, आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहोत, काय काय पाहिलंत?

वहिनींनी थर्मास या हातातून त्या हातात घेतला.

"पोळपाट पाहिला," म्हणाल्या. "फणसाचा. लाटताना हलत नाही."