अण्णानं बसवलेला टर्बो

नळदुर्गच्या गॅरेजात स्कूटर दुरुस्तीला टाकून बसलेल्या रामहरी गुरुजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

"टर्बो कुणी बसवला, धोंडप्पा?" ट्रकच्या चालू इंजिनावर वाकलेल्या सिद्धाराम मेकॅनिकनं विचारलं.

"आमच्या अण्णानं. वाटण्या झाल्यापासनं बोलणं न्हाय. गाडी दारात लावली, किल्ली वहिनीकडं दिली. त्यानं बसवला."

"बसवलाय झकास. पण इंजिन तापून गार झालं की नट परत आवळावे लागतात. सांगितलं न्हाय व्हय त्यानं?"

"वहिनीकडनं निरोप धाडला हुता."

"मग गेला का न्हाईत?"

"तोंडानं सांगितलं असतं तर गेलो असतो."

"आता जोडातलं गॅस्केट जळलं, बोल्ट तुटून आत अडकला. धूर केबिनमधी शिरतोय. असंच हैदराबादला निघालात तर स्टेअरिंगवरच झोप लागंल, कायमची."

"काढ की मग बोल्ट, सिद्धाराम."

"माझ्याच्यानं न्हाय हुणार. त्यो काढावा तर अणदूरला तुमच्या अण्णानंच."

"लाव त्याला फोन. माझी गाडी म्हणू नको."

सिद्धारामनं स्पीकर चालू केला.

"अण्णा, एका गिऱ्हाइकाचा टर्बोजवळचा बोल्ट तुटलाय. धाडू का गाडी?"

"मागं इंजिन चालू हाय न्हवं? वळखला आवाज. धाड गाडी. चालवायला मातर दुसरं कुणीतरी बसव."

फोन बंद झाला. धोंडप्पानं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून गुरुजींच्या वर्तमानपत्रापुढं धरली.

"गुरुजी, काचा उघड्या ठेवल्या तर अणदूरपतोर काय हुत न्हाय. ट्रक चालवता येतो का तुमाला?"