उजव्या हातातला नारळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष माननीय हंबीरराव, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती आर्जव मगदूम, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आई सुंदराबाई, आणि चहा अजून यायचा आहे म्हणून थांबलेल्या रसिकहो,

मला मानपत्र वाचायला बोलावलं आहे. ते मी वाचणार नाही. चौकट छान आहे, घरी भिंतीवर लावून वाचता येईल. त्यात जे लिहिलेलं नाही, तेवढं मी सांगते.

बावीस वर्षांपूर्वी याच सभागृहात लोकगीत स्पर्धेला एक तरुण गिटार घेऊन आला. परीक्षक दोघंच होतो, हंबीरराव आणि मी. मी विचारलं, "हे काय आणलंस?"

"गिटार हाय, बाई."

"लोकगीताला गिटार?"

"आमी बी लोकच हाय की, बाई."

सभागृह हसलं, आणि मला राग आला. नियम क्रमांक चार, मी म्हणाले, फक्त पारंपरिक वाद्यं. शेजारच्या टेबलावर पेटी होती. ती कुठून आली होती हो? म्हसवडच्या जत्रेतून, की विलायतेतून? आणि बोलणारी मी कोण, तर पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांकडून सात वर्षं पियानो शिकलेली. गिटार पिशवीतून बाहेर न काढताच आर्जव परत गेला.

त्या गिटारीत काय वेगळं होतं, हे आम्ही विचारलंच नाही. मिरजेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्यानं तारांखालची पट्टी सतारीसारखी घासून तिची जवारी काढून घेतली होती, सूर गुणगुणत रेंगाळावा म्हणून. कारागीर म्हणाला, "मडमेची गिटार ही, हिला जवारी कशाला?" आर्जव म्हणाला, "आवं चाचा, तिला बी आमच्यागत बोलू द्या की." पट्टी हाडाची असते. जैनाच्या घरी हाड नको म्हणून ती लाकडाची करवली. एवढा विचार करून आणलेली वस्तू आम्ही एका नियमात नाकारली.

दुसऱ्या वर्षी तो पुन्हा आला, पुन्हा परत गेला. तिसऱ्या वर्षी गिटार घरी ठेवून तुणतुणं घेऊन आला. गाणं तेच, सुंदराबाई हळदीच्या रानात तण भांगलताना म्हणायच्या ते. कृष्णेच्या पुराचं पाणी उंबऱ्याशी येतं आणि घरातली बाई म्हणते,

किष्णाबाई घरी आली,
तिला पाट द्या बसाया.

आम्ही पहिला नंबर दिला. त्यानं वाकून ढाल घेतली, आईच्या मांडीवर ठेवली, आणि त्यानंतर या सभागृहात आजपर्यंत पाऊल टाकलं नाही.

दहा वर्षांपूर्वी पुण्यात मुलीकडे गेले असताना मी त्याचा कार्यक्रम ऐकला, मागच्या खुर्चीवर बसून. तेच गाणं, पण गिटारीवर. जाणकार त्याला जॅझ म्हणत होते, सायकेडेलिक म्हणत होते. मला एवढंच कळलं की सूर आता घरी पोचला म्हणेपर्यंत दुसऱ्याच वाटेला लागतो, आणि पाणी खरंच आपल्या पायाशी आलंय असं वाटून मी साडी वर धरली होती. रडले नाही, माझा तो स्वभाव नाही.

परत येऊन हंबीररावांना 'नियम बदला' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. कारण मग मी चुकले होते, हेही म्हणावं लागलं असतं. दहा वर्षं मी ते टाळलं. मला वाटलं, वेळ आहे.

गेल्या दिवाळीत आर्जवचा डावा हात गेला. अर्धांगवायू. महिन्याभरात आपल्या समितीनं सत्काराचा ठराव केला. हात होता तेव्हा सभागृह दिलं नाही. आता सभागृहही आहे, शालही आहे आणि गिटार ठेवायला काचेचं कपाटही आहे. त्याची किल्ली केरबा शिपायाकडून मी सकाळीच घेतली आहे. ती आज मिळणार नाही, गिटार आज कपाटात जाणार नाही.

कार्यक्रमपत्रिकेत सात भाषणं आहेत. गाणं एकही नाही. सकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. सुंदराबाई म्हणाल्या, "घरात लय ऐकलं, बाई. पर माजं गाणं त्याच्या गिटारीवर चार लोकांत वाजलेलं न्हाई ऐकलं."

आर्जव म्हणाला, "आता कुठलं, आई. डावा गेला. उजव्यानं नुसत्या मोकळ्या तारा वाजत्यात."

मी विचारलं, "मोकळ्या तारांवर तुम्ही गाल, सुंदराबाई?"

"गाईन की. पर त्यो तुमचा चार लंबरचा नियम?"

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं तो आकडा पाठ करून ठेवला आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी मला मिळाली आहे, अध्यक्षमहाराज. आपण बोलू दिलंत आणि सर्वांनी ऐकून घेतलंत, याबद्दल आभार. आज जे बोलले ते ठरवून बोलले, त्याबद्दल क्षमा मागत नाही. मागते ती बावीस वर्षांपूर्वीच्या एका वाक्याबद्दल. आर्जव, तुझी. सुंदराबाई, तुमची. द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पुण्यात जे मी ऐकलं ते या सभागृहाला आता कधीच ऐकू येणार नाही. उरलंय तेवढं तरी ऐका.

केरबा, गिटार आण. आणि सत्कारमूर्तींच्या उजव्या हातात आपण नारळ दिलाय, तो आधी काढून घे.