अक्का गैरहजर कशा झाल्या

अरे, सुशीलाअक्कांच्या मुलाखतीचं ऐकलं का? मीच त्यांना गाडीवर धुळ्याला नेलं होतं. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवकाच्या जागेला माणूसच मिळेना, म्हणून यंदा नियम सैल केला: डिग्री नसली तरी पाड्यांवरच्या कामाचा अनुभव चालेल. अक्कांचा अनुभव बारा वर्षांचा, पण पक्की नोकरी कधीच नाही.

अक्का मुलाखत घेणाऱ्या साहेबांसमोर बसल्या, तोच सिस्टर धावत आली. "सर, शिरपूरकडचं ते कुटुंब आजारी पोराला घरी घेऊन चाललंय. कोणाचं ऐकत नाहीत."

साहेब म्हणाले, "अक्का, तुम्हीच जा बुवा."

अक्का गेल्या. पोराच्या आईला तिच्याच अहिराणीत म्हणाल्या, "माय, चार दिन थांब. मंग मीच तुले गाडीमा बसाडसू." तासाभरात पोरगं परत खाटेवर.

अक्का वर आल्या, तर यादीत नावापुढे 'गैरहजर'.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, तुम्हीच पाठवलं ना त्यांना?"

"हो, पण मुलाखत अर्धवट सोडली म्हणजे गैरहजर. नियम आहे."

"मग जागा?"

"रिकामीच. अनुभवी माणसं मिळतात कुठे?" मग अक्कांकडे वळून म्हणाले, "उद्या जरा लवकर या हं. ते लोक पुन्हा निघतील."