जड गोळीची नवी पेटी

नाव: भुवना वेंकटराव, वय ४६ वर्षे, व्यवसाय: खासगी क्लबात रायफल प्रशिक्षक, राहणार पश्चिम राजवीथी, तंजावूर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, तिरुवैयारु रस्त्यावरच्या आमच्या क्लबात मी नऊ वर्षे नेमबाजी शिकवते. काल सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझी विद्यार्थिनी अखिला, वय १९, हिने पन्नास मीटरवरून झाडलेली गोळी कागदी लक्ष्याखालच्या लोखंडी पकडीवर आदळली. शिशाचा तुकडा आडवा उडून लक्ष्याशेजारच्या भिंतीआड बसलेल्या रघुराम, वय ५८, यांच्या डाव्या डोळ्यात गेला. लक्ष्याचे कागद बदलणे हे त्यांचे काम.

काल मी तोंडी सांगितले की अखिलाचा हात हलला. ते खोटे होते. मी घाबरले होते. आजही घाबरले आहे.

खरी हकीकत अशी. त्या रायफलीची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, हलक्या, वेगवान गोळीप्रमाणे बसवलेली होती. त्या गोळ्या संपल्या म्हणून मी कपाटातून जड गोळीची पेटी काढली. जड गोळी संथ जाते, तिला पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ती जास्त खाली उतरते. त्या रायफलीत चार बोटांचा फरक पडतो. हे मीच फळ्यावर काढून शिकवते. गोळी बदलली की आधी तीन गोळ्या झाडून साइट बसवायची आणि तोवर रघुराम यांनी बाहेर थांबायचे, हा नियमही माझाच. काल निवड चाचणी होती, परीक्षक घड्याळ बघत होते. मी नियम गुंडाळून ठेवला.

गोळी सुटली आणि भिंतीआडून "अय्यो, डोळा!" एवढेच ऐकू आले. इस्पितळात त्यांच्या पत्नी जयश्री यांनी माझा हात धरून विचारले, "डोळा राहील ना, अक्का?" डॉक्टर आज संध्याकाळी सांगणार आहेत.

अखिला बाहेर बाकावर बसली आहे. तिचा नेम बरोबर होता. पेटी उघडताना ती म्हणाली होती, "अक्का, गोळी वेगळी दिसते. तीन झाडून बघू का?" मी म्हटले, "वेळ नाही, नेम धर." "सरी, अक्का," असा होकार देऊन ती नेम धरायला पोटावर आडवी झाली. काल तुम्ही तिला तीन तास विचारलेत. तिने हे सांगितले नाही.

मी मराठीत बोलले ते हवालदारांनी तमिळमध्ये उतरवून मला मोठ्याने वाचून दाखवले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. त्यातली एकही ओळ मला बदलायची नाही.