आमच्या विहिरीचं गणित

एकाहत्तर साली कानिफनाथाचं पत्र मी बरेच दिवस उत्तर न देता तसंच ठेवलं होतं. माझा हा जुना विद्यार्थी नगरच्या कॉलेजात शिकवत होता. 'डिफरन्शियल इक्वेशन शिकवताना तुमचंच विहिरीचं उदाहरण देतो, चालेल ना?' असं त्यानं विचारलं होतं. ते गावठी वाटेल, अशी मला धास्ती होती.

एकदा शेवगावच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बापलेक बोलत होते.

“चांगुणे, कॉलेजात शिकिवत्यात तरी काय?”

“विहीर, आबा.”

“ती घरी फुकट हाय की!”

“ऐका तर. उपसा थांबला की रिकाम्या विहिरीत पाणी भराभर चढतं, भरत आली की सावकाश. हे सांगतं ते डिफरन्शियल इक्वेशन.”

“मग आपल्या पाळीला सकाळी पानी किती, सांग.”

“आधी तुमी सांगा, सांजच्याला त्यांच्या पाळीत तात्यांनी किती ठिवलं हुतं?”

“त्यो तळ दिसंस्तोवर उपसतो!”

“मग भराभर चढलं तरी सकाळी पानी कमीच असनार. झरा तोच, पण सुरुवात कळल्याबिगर उत्तर निघत न्हाई.”

“व्हय गं!” तेवढ्यात नगरची एसटी लागली. “ओ कंडक्टर, पोरीला खिडकीपाशी बसवा. आमच्या विहिरीचं गणित मांडती ती!”

एसटी गेल्यावर मी पोस्टात जाऊन कार्ड टाकलं : 'कानिफनाथ, तसंच शिकव.'